सुंता होणारच असेल, तर सीलबंद साधनाने व्हावी

महाराष्ट्रातली मुस्लिम लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 1 कोटी 30 लाख आहे, आणि या समाजात जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाची सुंता होते. घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल, म्हणजे ज्यू कुटुंबांत ती आठव्या दिवशी होते. त्यांच्यातले बहुतेक जण 1948 नंतर इस्रायलला गेले, तरी ठाणे-मुंबईत काही कुटुंबं अजून आहेत. म्हणजे लहान मुलांवर सर्रास होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी ही एक. तरीही ती कोण करतं, कुठे करतं, कोणत्या अवजाराने करतं आणि त्यात किती मुलांना इजा होते, हे आपल्याकडे सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत येतच नाही. धर्माचा विषय म्हणून आरोग्य खातं लांब राहतं, डॉक्टरांचा विषय म्हणून समाजातले जाणते लांब राहतात, आणि मधल्या जागेत हजामाचा वस्तरा, शिबिरातली टेबलं आणि गरम पाण्यात बुचकळलेले चिमटे उरतात.

आमचं म्हणणं असं आहे: ज्या घरात सुंता होणारच आहे, तिथे ती बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत, फक्त त्या जागेपुरती भूल देऊन, प्रशिक्षित डॉक्टरच्या हातून आणि एकदाच वापरायच्या सीलबंद साधनाने व्हावी, आणि ही सोय सरकारी रुग्णालयात उघडपणे मिळावी. साधनाने खूप काही सुधारतं. पण सगळा भार त्याच्यावर टाकणंही चूक आहे, म्हणून ते कुठे वाचवतं आणि कुठे त्याचा काही उपयोग नाही, हे नीट पाहायला हवं.

आधी जुनी धातूची साधनं घेऊ. अमेरिकेत 1935 साली आलेला गॉम्को क्लॅम्प, म्हणजे कातडी आवळून धरणारं साधन, आजही जगभर वापरात आहे. त्याचे भाग चार: शिश्नाच्या टोकावर, म्हणजे बोंडावर, बसणारी धातूची घंटी, भोक असलेली तळपट्टी, वरची आडवी दांडी आणि आवळायचा नट. बोंड घंटीखाली झाकायचं, पुढची कातडी घंटीवरून ओढून तळपट्टीच्या भोकातून वर काढायची आणि नट आवळायचा. घंटीची कड आणि भोकाची कड यांच्यात कातडी चिरडली जाते, रक्तवाहिन्या बंद होतात. साधारण पाच मिनिटं तसंच ठेवून वरची कातडी कापून टाकायची. सगळी मदार एकाच गोष्टीवर आहे: दोन्ही कडा चारी बाजूंनी सारख्या भिडल्या पाहिजेत. आणि मापं आहेत 1.1, 1.3, 1.45 सेंटिमीटर अशी, म्हणजे एका मापातून दुसऱ्यात फरक जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने अवजारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, ट्रेमधून दोन-तीन सेट एकत्र बाहेर आले, की 1.1 ची घंटी 1.3 च्या तळपट्टीत जाऊन बसते आणि नीट बसल्यासारखी वाटते. एका बाजूला कातडी पुरती चिरडली जात नाही, नट सोडताच तिथून रक्त सुरू होतं. दांडी वर्षानुवर्षांच्या वापराने किंचित वाकली, तरी हेच होतं.

1954 चा मोगेन क्लॅम्प याहून सोपा आणि झटपट. दोन सपाट जबडे, मध्ये जेमतेम तीन मिलिमीटर उघडणारी फट. कातडी फटीत सरकवायची, बोंड मागे राहील अशा बेताने. फट अरुंद असल्यामुळे बोंड आत शिरणार नाही, अशी कल्पना. पण बोंडाला कवच कसलंच नाही, आणि पातं फिरवताना ते दिसतही नाही. जबडे झिजून फट वाढली, किंवा बोंडाला चिकटलेली आतली त्वचा आधी नीट सोडवली नाही, तर बोंडाचं टोक कातडीबरोबर आत ओढलं जातं.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट 2000 मध्ये या दोन्ही प्रकारच्या क्लॅम्पबद्दल इशारा दिला. जुलै 1996 ते जानेवारी 2000 या काळात क्लॅम्पमुळे इजा झाल्याच्या 105 तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. त्यांत रक्तस्राव होता, मूत्रमार्गाची इजा होती, शिश्नाचा भाग कापला जाणंही होतं. इशाऱ्यात दाखवलेली कारणं डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा वाचावीत अशी आहेत: वेगवेगळ्या उत्पादकांचे सुटे भाग एकमेकांना जोडलेले, आणि ठरल्यापेक्षा जास्त उघडणारे जबडे. अनेक वर्षं हाताळलं गेलेलं, भाग बदललेलं अवजार शेकडो बाळांनंतर कधीतरी दगा देतं, आणि देतं तेव्हा आधी सांगत नाही.

एकदाच वापरायचं साधन नेमकी हीच चूक बंद करतं. पाकिटातले भाग एकाच कारखान्यातून, एकाच मापाचे, जुळवलेले येतात. झिजायला वेळ मिळत नाही. पातं प्रत्येक बाळासाठी नवं. मागच्या मुलाचं रक्त पुढच्या मुलापर्यंत जाण्याचा रस्ता उरत नाही. हिपॅटायटिस बी आणि सी पसरायला दिसेल इतकं रक्त लागत नाही, म्हणून हा मुद्दा आपल्याकडच्या शिबिरांसाठी फार मोठा आहे. हिशोबच करून पाहा. एका शिबिरात चाळीस मुलं आणि धातूच्या अवजारांचे पाच सेट असले, तर प्रत्येक सेट आठ वेळा वापरावा लागेल. दर खेपेला धुणं, घासणं, कापडात बांधणं, 121 अंशांवर 30 मिनिटं आणि वर वाळायला वेळ, म्हणजे किमान तासभर. एवढा वेळ शिबिरात नसतो. मग सेट ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक द्रवाच्या ट्रेमध्ये वीस मिनिटं बुडवून पुढच्या टेबलावर जातो. 2 टक्के ग्लुटाराल्डिहाइडने अवजार खऱ्या अर्थाने निर्जंतुक व्हायला दहा तास लागतात. उकळत्या पाण्याने तर जिवाणूंचे बीजाणू मरतच नाहीत, धनुर्वाताचेही नाहीत.

तरी ‘डिस्पोजेबल’ म्हणजे आपोआप सुरक्षित, असं समजू नये. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीचा प्रसार रोखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये पुरुषांच्या सुंतेची शिफारस केल्यावर नव्या साधनांची रीघ लागली. मलेशियात तयार झालेलं टारा-क्लॅम्प हे प्लास्टिकचं, एकदाच वापरायचं साधन. दक्षिण आफ्रिकेत प्रौढांवर झालेल्या तुलनात्मक चाचणीत साध्या शस्त्रक्रियेपेक्षा त्याच्या गुंतागुंती कितीतरी पटींनी जास्त निघाल्या. नवजात बाळांसाठी बनवलेल्या ॲक्युसर्कची कल्पना चांगली होती: बोंडावर संरक्षक कडं, आणि चिरडणं व कापणं एकाच दाबात. बोट्सवाना आणि झिंबाब्वेत ते वापरून पाहिलं गेलं, झिंबाब्वेत परिचारिका-सुईणींनीही ते हाताळलं, आणि बोंड सुरक्षित राहतं हे दिसलं. पण काही बाळांमध्ये पात्याने कातडी पूर्ण गोलात कापली नाही आणि उरलेला भाग कात्रीने सोडवावा लागला. म्हणजे टेबलावर कात्री, चिमटे आणि टाका घालायचं सामान लागतंच, आणि ते वापरता येणारा माणूसही लागतो. (आफ्रिकेतला एचआयव्हीचा फायदा तिथल्या सर्वसाधारण लोकसंख्येत पसरलेल्या साथीपुरता आहे. महाराष्ट्रात सुंतेच्या प्रचारासाठी तो वापरू नये.)

आमच्या मते आपल्या परिस्थितीला सगळ्यात जुळणारं साधन म्हणजे 1950 च्या दशकापासून वापरात असलेली प्लास्टिकची घंटी, म्हणजे प्लास्टिबेल. बालशल्यचिकित्सकांना ती नवी नाही. तिचा एक गुण पुरेसा मोलाचा मानला जात नाही: तिची कडी बोंडावर बांधलेलीच राहते आणि बाळाबरोबर घरी जाते, त्यामुळे ती धुऊन दुसऱ्या मुलाला लावण्याची सोयच नाही. आपल्याकडे एकदाच वापरायच्या कितीतरी वस्तू धुऊन, गॅसने निर्जंतुक करून पुन्हा वापरल्या जातात. लसीकरणात ए.डी. सिरिंज का आणावी लागली ते आठवावं. एकदा दट्ट्या दाबला की तो अडकतो, सिरिंज पुन्हा भरताच येत नाही. सूचना देऊन जे साधलं नाही, ते रचनेने साधलं. सुंतेच्या साधनाची निवड करताना हीच कसोटी लावावी.

प्लास्टिबेल लावण्याची पद्धत थोडक्यात सांगतो, कारण चुका नेमक्या कुठे होतात ते त्यातून कळतं. खोली उबदार हवी, बाळाचे पाय दुपट्यात हलके बांधलेले हवेत. कापण्याची रेषा आधीच पेनाने कातडीवर आखावी. भूल दिल्यावर जागा फुगते आणि अंदाज चुकतो. भूल शिश्नाच्या मुळाशी, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी, बारीक सुईने तीन ते पाच मिलिमीटर खोल. औषध 1 टक्का लिग्नोकेन, ॲड्रेनलिन नसलेलं, प्रत्येक बाजूला 0.4 मिलिलिटर. तीन किलोच्या बाळाला किलोमागे 3 मिलिग्रॅम या मर्यादेने जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅम चालतं; 0.8 मिलिलिटरमध्ये 8 मिलिग्रॅम जातं, म्हणजे बेताचंच. आपल्याकडे दवाखान्यात हाताशी असते ती बहुधा 2 टक्क्यांची बाटली. तेवढंच औषध तिच्यातून काढलं तर बाळाला 16 मिलिग्रॅम जातं. शेजारीच ॲड्रेनलिन मिसळलेली दुसरी बाटली असते, आणि शिश्नाला ती टोचायची नाही. म्हणून सीलबंद संचात योग्य ताकदीचं औषधही असलं पाहिजे, असा आमचा आग्रह आहे. टोचल्यावर पाच मिनिटं थांबावं. भुलेशिवाय ‘एवढंसं बाळ, त्याला काय कळतंय’ म्हणत कापण्याची सवय आता संपली पाहिजे. बाळाला कळतं, त्याच्या नाडीत, श्वासात आणि रडण्यात ते दिसतं.

भूल चढली की कातडीची कड दोन बारीक चिमट्यांनी धरायची आणि बोथट सळईने आतली चिकटलेली त्वचा बोंडापासून सोडवायची. खालच्या बाजूच्या शिरेला धक्का लावायचा नाही, तिथून रक्त लवकर थांबत नाही. मग वरच्या मधल्या रेषेवर चिमटा मिनिटभर आवळून, चिरडलेल्या रेषेवर कात्रीने छेद द्यायचा. कातडी मागे घेऊन पूर्ण बोंड आणि लघवीचं छिद्र पाहायचं. हे पाहणं म्हणजे शेवटचं थांबण्याचं ठिकाण. मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषाचा एक प्रकार असा आहे की बाहेरून कातडी अगदी व्यवस्थित दिसते आणि छिद्र चुकीच्या जागी असल्याचं इथेच कळतं. तसं दिसलं तर तिथेच थांबायचं, कातडी काढायची नाही, कारण पुढच्या दुरुस्तीला तीच लागू शकते.

त्यानंतर माप. मापं 1.1 पासून 1.7 सेंटिमीटरपर्यंत मिळतात. कडी बोंडावरून सहज सरकली पाहिजे, पण पलीकडे घसरता कामा नये. लहान कडी बोंड आवळते, ते सुजतं, लघवी अडते. मोठी कडी मागे सरकून शिश्नाच्या दांड्यावर बसते आणि तिथली त्वचा दाबून मारते. मग ती कापून काढावी लागते. शिबिरात एकच माप आणून सगळ्यांना लावलं जात असेल, तर सीलबंद पाकिटाचा काहीही उपयोग झालेला नाही. माप ठरलं की कातडी कडीवर ओढून खाचेत दोरा पक्का आवळायचा. दोरा खाचेत बसला नाही किंवा ढिला राहिला, तर पहिल्याच रात्री रक्त येतं. पुढची कातडी कापायची, कडीची मूठ मोडून काढायची. पाच ते आठ दिवसांत कडी आपोआप पडते. आणि धातूचा क्लॅम्प लावलेला असताना रक्त थांबवायला डाग देणारं, विजेवर चालणारं कॉटरी यंत्र कधीही जवळ आणायचं नाही, वीज धातूतून अख्ख्या शिश्नात पसरते. 1966 मध्ये कॅनडातल्या विनिपेगला कॉटरीने सुंता करताना एका बाळाचं शिश्न जळून गेलं होतं.

आता जे कुठलंच साधन करू शकत नाही ते. बाळ तपासणं. वजन अडीच किलोच्या खाली, सदतीस आठवड्यांआधी जन्मलेलं, कावीळ किंवा ताप असलेलं, शिश्न चरबीत बुडालेलं किंवा वाकडं असलेलं, अशा कुठल्याही बाळाची सुंता त्या दिवशी होऊ नये. जन्मतः 1 मिलिग्रॅम व्हिटॅमिन के दिलं की नाही हे कागदावर पाहावं. आईच्या भावाला, आधीच्या मुलाला, कुणालाही रक्त न थांबण्याचा त्रास झाला होता का, हे आजी-आजोबांसमोर विचारावं, कारण हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार, आईकडून येतो आणि तरुण आईला घरातली जुनी गोष्ट ठाऊक नसते. ज्यूंच्या तालमूदमध्ये दीड हजार वर्षांपूर्वीच नियम सांगितलेला आहे की आधीचे दोन मुलगे सुंतेनंतर दगावले असतील तर तिसऱ्याची करू नये. धर्माची आज्ञा जीव वाचवण्यासाठी थांबते, हे सांगायला याहून चांगला आधार मिळणार नाही.

दुसरी गोष्ट घरी होते. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून सुमारे अडीचशे मिलिलिटर रक्त असतं. त्यातलं पंचवीस मिलिलिटर, म्हणजे पाच चमचे, गेलं की दहावा हिस्सा गेला. बाजारातला शोषून घेणारा डायपर हे पाच चमचे कोरड्या पृष्ठभागाखाली दडवतो. वरून नुसता गुलाबी डाग दिसतो. म्हणून पहिले दोन दिवस डायपर बांधू नये, पांढऱ्या सुती कापडाची लंगोट बांधावी आणि पहिल्या रात्री दर दोन तासांनी उघडून पाहावी. थेंब थांबत नसेल, आठ तासांत लघवी झाली नसेल, कडी मागे सरकलेली दिसत असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा अंग तापलं असेल, तर सकाळची वाट न पाहता निघायचं. कडीच्या पुढची कातडी काळी पडते आणि बोंडावर पिवळसर थर येतो, तो पू नसतो, तो खरवडायचा नाही. हे सगळं मराठीत आणि उर्दूत छापलेल्या एका कागदावर मावतं.

वयाबद्दल आमचं मत ठाम आहे. आपल्याकडे बऱ्याच घरांत मुलगा दोन-चार वर्षांचा झाल्यावर, शाळेच्या सुट्टीत, भावंडांची एकदम सुंता करतात. त्या वयात पूर्ण भूल लागते, टाके लागतात, मूल घाबरतं आणि जखम सांभाळणं कठीण जातं. अमेरिकेत सुमारे 14 लाख सुंतांच्या नोंदी तपासून 2014 मध्ये निघालेला निष्कर्ष असा की नवजात बाळांत अनिष्ट परिणाम अर्ध्या टक्क्याहून कमी होते, आणि एक ते नऊ वर्षांच्या मुलांत ते वीसपट होते. इस्लाममध्ये सुंतेसाठी अमुकच वर्ष असं बंधन नाही, सातव्या दिवशी करण्याची परंपराही आहे. तेव्हा अडथळा धर्माचा नसून समारंभाचा आहे, आणि जेवण नंतर घालता येतं.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, तो टाळायचा नाही. निरोगी बाळाच्या शरीराचा भाग त्याच्या संमतीशिवाय कापायचाच कशाला, मोठा झाल्यावर त्यालाच ठरवू द्या, आणि सरकारी दवाखान्यात सोय करून तुम्ही या प्रथेला मान्यता देत नाही का? हा प्रश्न रास्त आहे, आणि ज्या पालकांना थांबायचं असेल त्यांना डॉक्टरांनी थांबायला बळ द्यावं. 2012 मध्ये जर्मनीत कोलोनच्या न्यायालयाने मुलाची धार्मिक सुंता ही शारीरिक इजा ठरवली. त्याच वर्षाअखेरीस संसदेने कायदा करून पालकांना परवानगी दिली, पण ती वैद्यकीय नियमांनुसारच करण्याच्या अटीवर. आम्हाला हीच दिशा योग्य वाटते. बंदीने सुंता थांबणार नाही, ती बंद दाराआड जाईल, आणि रक्तस्राव होणारं बाळ भीतीपोटी उशिरा आणलं जाईल. मात्र हा युक्तिवाद फक्त मुलांच्या सुंतेपुरता आहे. मुलींच्या खतन्यात वैद्यकीय फायदा शून्य आणि नुकसान निश्चित आहे. तिथे ‘सुरक्षित साधन’ हा प्रश्नच उद्भवत नाही, ती प्रथा बंदच व्हावी.

उलट टोकाची चूकही सांगायला हवी. बाळाची कातडी मागे जात नाही म्हणून कुठल्याही धर्माच्या घरातली आई घाबरून येते आणि तिला सुंता सुचवली जाते. नवजात मुलांत कातडी मागे न जाणं हे नैसर्गिक आहे, बहुतेकांची वाढत्या वयात आपोआप सुटते. खरी अडचण असली तरी आधी काही आठवडे स्टेरॉइड मलम लावून पाहतात. सीलबंद पाकीट हाताशी आलं म्हणून शस्त्रक्रिया वाढता कामा नये.

खर्चाचं आणि प्लास्टिकच्या कचऱ्याचं कारण पुढे केलं जाईल. धातूचा क्लॅम्प वर्षानुवर्षं चालतो हे खरं, पण त्याच्या हिशोबात ऑटोक्लेव्हची वीज, कापड, तपासपट्ट्या, माणसाचा वेळ आणि सुंता बिघडलेल्या एका बाळाची पुढची शस्त्रक्रिया कुणी धरत नाही. जिथे मध्यवर्ती निर्जंतुकीकरण विभाग चोख चालतो आणि भाग मोजून-जुळवून ठेवले जातात, अशा मोठ्या रुग्णालयाने धातूचा क्लॅम्प वापरायला हरकत नाही. तालुक्याच्या ठिकाणी आणि शिबिरात मात्र सीलबंदच हवं. कचऱ्याचा मार्ग 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत ठरलेला आहे: कापलेली कातडी पिवळ्या पिशवीत, प्लास्टिक लाल पिशवीत, पातं आणि सुई पांढऱ्या टणक डब्यात. घरोघरी फिरणाऱ्या वस्तऱ्याच्या कचऱ्याला असा कुठलाच मार्ग नाही.

हजामांना या बदलातून हाकलून लावू नये. पिढ्यान्‌पिढ्या ज्या माणसाने घरातल्या मुलांची सुंता केली, त्याच्या शब्दाला वजन असतं. बाळाला रुग्णालयात आणणं, कुटुंबाला धीर देणं, आठव्या दिवशी घरी जाऊन कडी पडली का ते पाहून कळवणं, ही कामं त्याला मानधनासह द्यावीत. पातं मात्र डॉक्टरच्याच हातात हवं.

सुरुवात उपजिल्हा रुग्णालयापासून करता येईल: आठवड्यातून एक ठरलेला दिवस, प्रसूतीनंतर घरी जाताना आईला दिलेली तारीख, तीन-चार मापांच्या कड्या, 1 टक्का लिग्नोकेन, आणि तिसऱ्या व आठव्या दिवशीची तपासणी. पाकिटावरचं लेबल बॅच क्रमांकासह केसपेपरवर चिकटवावं, वेगळ्या नोंदवहीतही उतरवावं. 1 एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत, आणि उपकरणांमुळे झालेल्या इजेच्या नोंदीसाठी 2015 पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे. दोरा सुटला, कडी तडकली, पातं अडलं, प्रत्येक घटना तिथे कळवली गेली पाहिजे. बॅच क्रमांक लिहिलेलाच नसेल, तर सदोष माल कोणत्या खोक्यातून आला ते सापडत नाही, आणि त्याच खोक्यातलं पुढचं पाकीट पुढच्या बाळासाठी फोडलं जातं.